तिसऱ्या नंबरवर कोण? सॅन फ्रान्सिस्कोचा २०२१ चा ड्राफ्ट आणि आमचं चुकलेलं भाकीत

३० एप्रिल २०२१. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि अमेरिकेत क्लीव्हलंडला २९ एप्रिलची संध्याकाळ होती. एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, सुरू होत होता. माझ्यासमोर वही होती आणि वहीत पहिल्या तीन ओळी लिहून ठेवल्या होत्या: ट्रेव्हर लॉरेन्स, झॅक विल्सन, मॅक जोन्स. पहिल्या दोन बरोबर आल्या. त्यात माझी हुशारी काहीच नव्हती, ती नावं जगाला ठाऊक होती. तिसऱ्या नंबरला कमिशनर रॉजर गुडेल यांनी नाव घेतलं ट्रे लान्सचं.

चूक एकट्या माझी असती तर हे लिहायला बसलो नसतो. त्या महिन्यात भाकीत करणाऱ्यांचा मोठा कळप त्याच खड्ड्यात गेला, आणि त्यात दिवसरात्र हेच काम करणारे लोक होते. माहिती कमी पडली म्हणून ते चुकले असं मला वाटत नाही. माहिती तर उतू जात होती.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयपीएलसारखा लिलाव इथे नसतो. कॉलेजमधून बाहेर पडणारे खेळाडू ३२ संघ ७ फेऱ्यांत वाटून घेतात. आदल्या मोसमात जो सर्वांत वाईट खेळला त्याचा नंबर पहिला, विजेत्याचा शेवटचा. पैशांची बोली नसते, पण नंबर मात्र विकता-बदलता येतात: आमचा यंदाचा बारावा घ्या, पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा घ्या आणि तुमचा तिसरा आम्हाला द्या. २०२१ मध्ये असे एकूण २५९ नंबर होते. कोणता संघ कुणाला उचलेल याचा आधीच मांडलेला अंदाज म्हणजे मॉक ड्राफ्ट. तिकडे तो एक छोटा धंदाच आहे. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत वर्तमानपत्रं, टीव्ही, सट्टेवाले आणि आमच्यासारखे हौशी सगळे त्यात असतात.

आता प्रकरण. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स, थोडक्यात नाइनर्स. प्रशिक्षक काइल शॅनहन, जनरल मॅनेजर जॉन लिंच. फेब्रुवारी २०२० मध्ये हा संघ सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना खेळला, कॅन्सस सिटीकडून ३१-२० हरला. पुढचा मोसम दुखापतींनी खाल्ला: ६ विजय, १० पराभव. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, जिमी गरॉपलो फक्त ६ सामने खेळू शकला. त्याचा करार २०१८ मध्ये झालेला, ५ वर्षांचा आणि १३ कोटी ७५ लाख डॉलरपर्यंतचा. एवढा पैसा ज्याच्यावर लावला तो निम्मा वेळ दवाखान्यात, अशी अवस्था.

६-१० मुळे ड्राफ्टमध्ये त्यांच्या वाट्याला बारावा नंबर आला. त्या वर्षी चांगले मानले गेलेले क्वार्टरबॅक पाच होते: क्लेमसन कॉलेजचा लॉरेन्स, ब्रिगहॅम यंगचा विल्सन, ओहायो स्टेटचा जस्टिन फील्ड्स, अलाबामाचा मॅक जोन्स, आणि नॉर्थ डकोटा स्टेटचा ट्रे लान्स. बाराव्या नंबरपर्यंत यातला कोण उरेल, याची खात्री नव्हती.

२६ मार्चला बॉम्ब पडला. नाइनर्सनी मायामी डॉल्फिन्सकडून तिसरा नंबर घेतला. त्या बदल्यात दिलं काय? यंदाचा बारावा, २०२२ चा पहिल्या फेरीचा, २०२३ चा पहिल्या फेरीचा आणि वर २०२२ चा तिसऱ्या फेरीचा एक.

ही किंमत जरा मोजून पाहू, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. नंबरांची अदलाबदल तोलायला एक जुना तक्ता आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जिमी जॉन्सनच्या डॅलस काउबॉइजनी तो बनवला. त्यात पहिला नंबर ३००० गुणांचा, तिसरा २२०० चा, बारावा १२०० चा. म्हणजे फरक १००० गुणांचा, आणि पहिल्या फेरीतला मधला, सोळावा नंबर बरोबर १००० चा. पहिल्या फेरीचा एक नंबर दिला की हिशेब मिटला असता. नाइनर्सनी दुसराही दिला, शिवाय तिसऱ्या फेरीचाही. पुढच्या वर्षांच्या नंबरांना थोडी सूट धरतात, त्यामुळे आकडा जरा नरम होतो हे खरं. तरीही बाजारात अशी खरेदी माणूस रोज करत नाही.

मायामीने त्याच दिवशी तो बारावा नंबर पुढे फिलाडेल्फियाला देऊन सहावा घेतला. बारावा नंबर लक्षात ठेवा, तो परत भेटणार आहे.

सगळे जोन्सकडे का वळले

तिसरा नंबर क्वार्टरबॅकसाठीच घेतला यात वाद नव्हता. लॉरेन्स जॅक्सनव्हिलला आणि विल्सन न्यूयॉर्क जेट्सला जाणार हेही ठरल्यासारखं होतं. राहिले तिघे. म्हणजे कोडं ३२ संघांचं नव्हतं, तीन नावांचं होतं. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर यावं.

जोन्सच्या बाजूने पहिला पुरावा शॅनहनचा भूतकाळ. अटलांटात तो आक्रमणाचा प्रशिक्षक असताना मॅट रायन २०१६ चा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याआधी वॉशिंग्टनमध्ये त्याने कर्क कझिन्ससोबत काम केलं, आणि कझिन्सवरचं त्याचं प्रेम कधी लपून राहिलं नाही. दोघेही पायाने न धावणारे. आपल्या रक्षकांच्या कड्याआड उभं राहून, वेळ साधून, चेंडू अचूक टाकणारे. जोन्स हुबेहूब त्याच घडणीचा. २०२० च्या मोसमात अलाबामाकडून त्याने ४५०० यार्ड फेकले, ४१ टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्टीत पोचवून केलेले गुण), फक्त ४ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास), ७७.४ टक्के पास पूर्ण. १३ पैकी १३ सामने जिंकले आणि राष्ट्रीय अंतिम सामन्यात फील्ड्सच्याच ओहायो स्टेटला ५२-२४ असं धुतलं.

दुसरा पुरावा ३० मार्चचा. कोविडमुळे त्या वर्षी इंडियानापोलिसचा नेहमीचा कम्बाइन, म्हणजे सगळ्या खेळाडूंची एकत्र चाचणी, रद्द झाला होता, तेव्हा खेळाडू आपापल्या कॉलेजात चाचणी देत होते. ३० मार्चला एकाच दिवशी जोन्सची अलाबामात दुसरी चाचणी आणि फील्ड्सची ओहायोत पहिली. शॅनहन आणि लिंच दोघेही गेले अलाबामाला. झालं! मुलीकडचे कुणाच्या घरी चहाला गेले यावरून अख्ख्या गावाने लग्न ठरवलं.

तिसरा पुरावा वार्ताहरांचा. ज्यांचे फोन थेट संघांच्या कचेऱ्यांत जातात तेही जोन्सचं नाव घेत होते. सट्टेवाल्यांच्या भावातही एप्रिलचा बराच काळ जोन्सच वर होता. आता इथे एक गंमत असते. वार्ताहर म्हणतो म्हणून भाव हलतो, भाव हलला म्हणून मॉक ड्राफ्टवाला नाव बदलतो, आणि शंभर मॉक ड्राफ्टमध्ये तेच नाव दिसलं की वार्ताहराला वाटतं आपली बातमी पक्की. माझ्या वहीतल्या नावाच्या मागे शंभर जण उभे होते, पण त्या शंभरांच्या मागे मूळ माणसं दोन की तीन, कोण जाणे.

लान्सच्या विरुद्धही बरंच होतं. नॉर्थ डकोटा स्टेट हे फार्गोचं कॉलेज, कॉलेज फुटबॉलच्या दुसऱ्या पायरीवर खेळणारं. लान्सने सुरुवातीपासून खेळलेले सामने सगळे मिळून १७. त्यातल्या १६ सामन्यांच्या २०१९ च्या मोसमात त्याने २८ टचडाउन पास दिले, एकही इंटरसेप्शन नाही, शिवाय पळून ११०० यार्ड आणि १४ टचडाउन. संघ १६-०. पण २०२० चा मोसम कोविडने पुढे ढकलला आणि त्याच्या वाट्याला फक्त एक सामना आला. वय २० वर्षं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण इथे शितं मोजून सतराच होती.

घरातला स्वयंपाक आणि बाजारातली खरेदी

माझ्या मते सगळी गडबड पहिल्या पुराव्यात झाली. शॅनहनचा भूतकाळ आम्ही त्याची आवड म्हणून वाचला. तो त्याचा नाइलाज होता का, हे कुणी विचारलं नाही.

मॅट रायन शॅनहनने निवडला नव्हता. तो अटलांटात २००८ पासून होता, शॅनहन गेला २०१५ मध्ये. गरॉपलो २०१७ मध्ये दुसऱ्या फेरीच्या एका नंबराच्या बदल्यात न्यू इंग्लंडकडून मिळाला, संधी दारात आली म्हणून. कझिन्स वॉशिंग्टनने २०१२ मध्ये चौथ्या फेरीत, १०२ व्या नंबरला उचलला, राखीव म्हणून. घरात जे आहे त्यातून उत्तम स्वयंपाक करणारी बाई बाजारात मोकळ्या हाताने गेली तर तेच सामान आणेल, असं कशावरून?

मग विचारायला हवं होतं की शॅनहनच्या आसपास कुणी भरभक्कम दाम मोजून क्वार्टरबॅक आणला तेव्हा काय आणलं? असा प्रसंग एकच होता, आणि तोही २०१२ चाच. वॉशिंग्टनचे मुख्य प्रशिक्षक होते काइलचे वडील माइक शॅनहन, आणि काइल आक्रमणाची बाजू सांभाळत होता. त्या संघाने दुसऱ्या नंबरसाठी पहिल्या फेरीचे तीन आणि दुसऱ्या फेरीचा एक नंबर मोजला. आणला तो रॉबर्ट ग्रिफिन. वाऱ्यासारखा पळणारा, लांब फेकणारा. पहिल्याच वर्षी तो आक्रमणातला सर्वोत्तम नवखा ठरला, आणि पुढे गुडघ्याने दगा दिला. तो निर्णय काइलचा एकट्याचा नव्हता, त्यामुळे पुरावा म्हणून तो अर्धाच धरावा. पण काइलने त्या एका मोसमात बचावफळ्यांचे कसे हाल होतात ते जवळून पाहिलं होतं. बचाव करणाऱ्यांना क्वार्टरबॅकच्या पायांचाही हिशेब ठेवावा लागला की मधलं मैदान मोकळं होतं.

आणखी एक जखम होती. २०१७ चा ड्राफ्ट शॅनहन-लिंच जोडीचा पहिला. नाइनर्सकडे दुसरा नंबर होता. त्यांनी तो शिकागोशी बदलून तिसरा घेतला आणि बचावपटू सॉलोमन थॉमस निवडला. क्वार्टरबॅक नकोच होता त्यांना, कारण पुढच्या वर्षी कझिन्स करारातून मोकळा होईल या आशेवर ते बसले होते. त्या ड्राफ्टमध्ये दहाव्या नंबरला कॅन्सस सिटीने उचलला पॅट्रिक माहोम्स. तीन वर्षांनी सुपर बोलमध्ये नाइनर्स दहा गुणांनी पुढे असताना शेवटच्या चतुर्थकात सामना फिरवला तो याच माहोम्सने. साचेबंद, अचूक, सुरक्षित क्वार्टरबॅकच्या मागे लागून काय हातचं गेलं, ते त्या रात्री शॅनहनने बाजूच्या रेषेवर उभं राहून पाहिलं.

आता किंमत पुन्हा डोळ्यांसमोर आणा. पहिल्या फेरीचे तीन नंबर माणूस जमिनीसाठी मोजतो की छतासाठी? ‘हा किमान एवढा तरी खेळेल’ असा खेळाडू पंधराव्या-विसाव्या नंबरलाही मिळतो. एवढे मोजायचे तर ‘हा कुठवर जाईल कोण जाणे’ यासाठीच. पंचाईत एवढीच की हा निकष लावला तरी फील्ड्स आणि लान्स दोघे उरतात. दोघेही पळणारे, दोघांचेही हात जोरदार. मी तेव्हा हा विचार केला असता तर बहुतेक फील्ड्स लिहिलं असतं आणि तरीही चुकलो असतो. किंमत जोन्सला वगळते, पण लान्सवर बोट ठेवत नाही.

अलाबामातल्या चहाचं काय मग? शॅनहन-लिंच १४ एप्रिलला फील्ड्सच्या दुसऱ्या चाचणीला गेले, १९ एप्रिलला फार्गोला लान्सच्या दुसऱ्या चाचणीला. तिघांकडेही जाऊन आले. फक्त जोन्सकडे आधी गेले. ही भेट मार्चमध्ये बातमी झाली तेव्हा फार जड वाटली, आणि एप्रिलच्या दोन भेटींनी तिचं वजन जवळपास शून्यावर आणलं. पण तोवर आमच्या वह्या भरल्या होत्या, आणि लिहिलेलं नाव खोडायला माणूस नवं नाव लिहिण्यापेक्षा कितीतरी जास्त पुरावा मागतो. शेवटच्या आठवड्यात वार्ताहरांनी निवड जोन्स आणि लान्स या दोघांवर आल्याचं सांगायला सुरुवात केली, तेव्हाही मी खोडरबर उचलला नाही.

धूळफेक होती का? तिकडच्या चर्चांत हा शब्द सारखा येतो. मला तसं वाटत नाही. पहिले दोन नंबर ठरलेले, म्हणजे नाइनर्सना उरलेल्या तिघांतला हवा तो मिळणारच होता. लपवून काही मिळवायचं नव्हतं, आणि सांगूनही काही मिळणार नव्हतं. शिवाय संघात गरॉपलो अजून होता. त्याच्याबद्दल ड्राफ्टच्या आठवड्यात पत्रकारांनी विचारलं, रविवारी तो संघात असेल का? शॅनहनचं उत्तर गाजलं: रविवारी जगात कोण जिवंत असेल याचीही मी हमी देऊ शकत नाही, मग संघात कोण असेल याची कशी देऊ? ज्याला गप्प राहायला पैसे पडत नाहीत त्याच्या गप्प बसण्यातून अर्थ काढणं म्हणजे बंद घराच्या कुलपावरून आतल्या सामानाची यादी करणं. निवडीनंतर दोघांनी सांगितलं की लान्स पहिल्यापासून मनात होता. ते मी पूर्णपणे मानत नाही. निवड झाल्यावर प्रत्येक संघ हेच म्हणतो.

पुढे

भाकीत चुकलं, पण निवड तरी बरोबर निघाली का? नाही. लान्सने नाइनर्सकडून सुरुवातीपासून खेळलेले सामने चार. २०२१ मध्ये दोन, गरॉपलो दुखावला तेव्हा. २०२२ मध्ये त्याला मुख्य क्वार्टरबॅक केलं आणि दुसऱ्याच सामन्यात, १८ सप्टेंबरला सिअॅटलविरुद्ध, त्याचा घोटा मोडला. गरॉपलो परत आला, डिसेंबरमध्ये त्याचाही पाय गेला. मग मैदानात उतरला ब्रॉक पर्डी. २०२२ च्या ड्राफ्टमधला २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा खेळाडू. त्या शेवटच्या नंबराला तिकडे थट्टेने ‘मिस्टर इररेलेव्हंट’ म्हणतात. घडणीने तो जोन्सच्याच जातीचा: हात फार जोरदार नाही, पण नजर लवकर आणि चेंडू वेळेवर. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने संघाला सुपर बोलपर्यंत नेलं, तिथे पुन्हा माहोम्सने जादा वेळेत २५-२२ असं हरवलं.

म्हणजे शॅनहनच्या आक्रमणात कोण शोभेल, हे आम्ही बरोबर सांगितलं होतं. तो कुणाला निवडेल, हे मात्र चूक सांगितलं. हे दोन प्रश्न एक समजून सोडवले, हीच या प्रकरणातली माझी खरी चूक.

त्याच २०२१ च्या ड्राफ्टमध्ये नाइनर्सनी पाचव्या फेरीत, १८० व्या नंबरला टॅलानोआ हुफांगा उचलला. पुढच्याच वर्षी तो ऑल-प्रोच्या, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीच्या, पहिल्या संघात होता. सहाव्या फेरीत, १९४ व्या नंबरला घेतलेला इलायजा मिचेल २०२१ मध्ये ९६३ यार्ड पळाला, संघात सर्वांत जास्त. ही दोन नावं माझ्या वहीत नव्हती. मला वाटतं कुणाच्याच नसावीत. आम्ही सगळा महिना एका ओळीवर घालवला होता.

दिलेल्या नंबरांची कथा वेगळीच. तो बारावा मायामीकडून फिलाडेल्फियाला गेला, ड्राफ्टच्या रात्री फिलाडेल्फियाने तो डॅलसला देऊन दहावा घेतला, आणि डॅलसने बाराव्यावर उचलला मायका पार्सन्स, त्या वर्षीचा बचावातला सर्वोत्तम नवखा. ऑगस्ट २०२३ मध्ये नाइनर्सनी लान्सला चौथ्या फेरीच्या एका नंबरावर सोडला. घेतला कुणी? डॅलसने. तीन पहिल्या फेऱ्यांचा माणूस आणि त्यासाठी दिलेल्या बाराव्या नंबराचा माणूस एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसले. तिसऱ्या फेरीचा जो नंबर वर टाकून दिला होता, तो निघाला १०२ वा. कझिन्स निवडला गेला तोच आकडा. याला काही अर्थ नाही, पण आमच्यासारख्यांना असले योगायोग झोपू देत नाहीत.

२०२३ चा पहिल्या फेरीचा नंबर २९ वा निघाला, कारण नाइनर्स जिंकत राहिले. तो मायामीकडून डेन्व्हरला गेला, डेन्व्हरने प्रशिक्षक शॉन पेटनच्या बदल्यात न्यू ऑर्लीन्स सेंट्सना दिला, आणि सेंट्सनी त्यावर ब्रायन ब्रेसी हा बचावपटू घेतला.

मॅक जोन्स त्या रात्री पंधराव्या नंबरला न्यू इंग्लंडकडे गेला होता. पहिलं वर्ष छान गेलं, मग घसरला. मार्च २०२४ मध्ये सहाव्या फेरीच्या एका नंबरावर जॅक्सनव्हिलला, लॉरेन्सचा राखीव म्हणून. मार्च २०२५ मध्ये तो मोकळा झाला आणि सॅन फ्रान्सिस्कोने त्याच्याशी दोन वर्षांचा करार केला. अंगावर १० नंबर, जो आधी गरॉपलोचा होता. मोसमाच्या दुसऱ्याच आठवड्यात पर्डी दुखावलेला असल्याने त्याला सुरुवातीपासून खेळवलं. सामना होता न्यू ऑर्लीन्सला, ब्रेसीच्या सेंट्सविरुद्ध. जोन्सने तीन टचडाउन पास दिले, नाइनर्स २६-२१ जिंकले. मी २०२१ ची ती वही शोधून काढली आणि तिसऱ्या ओळीसमोर बरोबरची खूण केली, चार वर्षं उशिराची.